रणगाडा की टँक डिस्ट्रॉयर : ‘आर्मर्ड किल’ खेळणाऱ्याने काय निवडावे?

‘बॅटलफील्ड ३’ या ऑनलाइन युद्धखेळाच्या ‘आर्मर्ड किल’ या विस्तारात, म्हणजे मूळ खेळाला जोडलेल्या नव्या भागात, फेरी सुरू झाली की कोणत्या वाहनात बसायचे हे ठरवायला हाताशी फार तर चार-पाच सेकंद असतात, कारण तेवढ्यात दुसरा कोणीतरी त्यात बसून निघून गेलेला असतो. म्हणून हा निर्णय तळावर उभे राहून घेण्याऐवजी घरून निघतानाच घेतलेला बरा. माझ्या मावसभावाने गेल्या दिवाळीत हा खेळ संगणकावर घेतला, मूळ मॅप (लढाईची मैदाने) महिनाभर खेळून तो विस्ताराकडे वळला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा सांगलीहून फोन आला, ‘‘दादा, टँक घेऊ की ती आठ चाकांची?’’ आठ चाकांची म्हणजे टँक डिस्ट्रॉयर, रणगाडे मारण्यासाठी दिलेली हलकी, वेगवान गाडी. मी घाईत काहीतरी उत्तर दिले आणि ते त्याला पटले नाही. प्रश्न नीट उत्तर देण्याजोगा आहे असे मला वाटते. मी स्वतः दोन्ही वाहनांत भरपूर फेऱ्या घालवल्या आहेत, एकाच्या प्रेमात बराच काळ राहून दुसऱ्याकडे परत आलो आहे, आणि परत येण्याचे कारण तोफेच्या ताकदीत किंवा चिलखताच्या जाडीत नव्हते.

वाचकाला मूळ खेळ येतो, रणगाडा कसा चालवायचा आणि इंजिनीअर, म्हणजे वाहने दुरुस्त करणारा आणि रॉकेटने उडवणारा सैनिक, काय करतो हे त्याला ठाऊक आहे, असे मी धरून चालतो. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या या विस्तारात मॅप चारच आहेत : बंदर डेझर्ट, आल्बोर्झ माउंटन्स, आर्मर्ड शील्ड आणि डेथ व्हॅली. पण त्यांतील अंतरे अशी आहेत की एका झेंड्याकडून, म्हणजे काबीज करायच्या ठाण्याकडून, दुसऱ्याकडे पायी निघालेला माणूस बहुधा वाटेतच संपतो. त्यातच ‘टँक सुपिरिऑरिटी’ नावाचा नवा प्रकार आहे, ज्यात मधोमध एकच ठाणे असते आणि दोन्ही बाजूंची जड वाहने त्याच्याभोवती घोंगावत राहतात. मूळ मॅपांवर वाहन चुकीचे निवडले तर उतरून एखाद्या इमारतीत शिरता येत असे. इथे उतरलो तर समोर नुसते मोकळे रान असते, म्हणून ही निवड इथे अधिक महाग पडते.

प्रथम नावाविषयी थोडे. खेळाने टँक डिस्ट्रॉयर या एका सदरात दोन अगदी वेगळ्या गाड्या बसवल्या आहेत. अमेरिकन बाजूची एम११२८ ही स्ट्रायकर घराण्यातली आठ चाकांची गाडी असून तिच्यावर १०५ मिलिमीटरची तोफ आहे. प्रत्यक्षात ती रणगाडे मारण्यासाठी बनवलेलीच नव्हती. पायदळापुढील भिंती, खंदक आणि मशीनगनचे अड्डे उडवणे हे तिचे काम होते, आणि अमेरिकन सैन्याने २०२१ मध्ये तिला निवृत्त करण्याचा निर्णय जाहीर केला. रशियन बाजूची २एस२५ स्प्रुट मात्र जन्मापासूनच रणगाडाविरोधी तोफ आहे. हवाई छत्रीधारी दलांसाठी बांधलेल्या या गाडीचे वजन जेमतेम १८ टन आहे, ती पट्ट्यांवर चालते आणि तिची १२५ मिलिमीटरची तोफ टी-९० या रशियन रणगाड्याच्याच मापाची आहे. साठ टनांहून जड अमेरिकन रणगाडा एब्रॅम्सशेजारी या दोन्ही गाड्या कितीतरी हलक्या, आणि तो हलकेपणा खेळातही हाताला लगेच जाणवतो. एक चाकांवर आणि दुसरी पट्ट्यांवर, हा फरक सुरुवातीला मला केवळ दिसण्यापुरता वाटला होता. त्याच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

डिस्ट्रॉयरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे आणि पहिले कित्येक महिने मी स्वतः तिच्याच बाजूने वाद घालत असे. बंदर डेझर्टवर फेरीच्या सुरुवातीला सगळे जण एकदम सुटतात. रणगाडा वाळूच्या पहिल्या उंचवट्यावर चढत असतो, तोवर डिस्ट्रॉयर त्याच्या पुढे निघून धुळीचा लोट मागे टाकत दिसेनासा झालेला असतो. दूरच्या ठाण्यावर आधी पोचणाऱ्याला जागा निवडता येते. वाळूच्या एखाद्या टेकाडामागे गाडीचे धड लपवून केवळ तोफ वर ठेवता येते आणि समोरून येणाऱ्या शत्रूच्या रणगाड्याला तो अजून रस्त्यातच असताना पहिला गोळा घालता येतो. खेळातले गोळे सरळ रेषेत जात नाहीत, अंतराबरोबर खाली येतात, त्यामुळे लांबचा नेम म्हणजे अंदाज, दुरुस्ती, पुन्हा अंदाज असा क्रम असतो. जो आधी पोचून स्थिर उभा आहे त्याला ही दुरुस्ती करायला वेळ मिळतो, आणि डिस्ट्रॉयर हा वेळ विकत घेऊन देतो.

बगल देण्याच्या बाबतीतही तसेच. या खेळात गोळा कोठे आणि कोणत्या कोनात लागतो याला फार किंमत आहे. रणगाड्याच्या तोंडावर तिरका लागलेला गोळा खरचटल्यासारखा असतो, आणि तोच गोळा पाठीवर सरळ बसला तर रणगाड्याचे निम्म्याने अवसान जाते. वेगवान गाडी लांबून वळसा घालून शत्रूच्या पाठीशी येऊ शकते. डेथ व्हॅलीच्या अंधारात दिवे, पूल आणि कारखान्यांच्या सावल्या यांच्या आडोशाने मी असे वळसे पुष्कळ घातले आहेत. एका रात्रीची फेरी मला स्पष्ट आठवते : पुलाकडे तोंड करून शत्रूचे दोन रणगाडे शेजारी उभे होते, दोघांचेही लक्ष समोर होते, आणि मी स्प्रुट घेऊन नदीच्या कडेने त्यांच्या मागे इतका जवळ आलो की त्यांच्या धुराड्याजवळची जाळी दिसत होती. पहिल्याला दोन गोळे, दुसऱ्याला तीन. दुसऱ्याची टरेट (तोफेचा फिरता मनोरा) माझ्याकडे पूर्ण वळली नव्हती. असा क्षण महिनाभर पुरतो, आणि डिस्ट्रॉयरचे चाहते अशाच क्षणांवर जगतात.

तोफेविषयी मोजमाप करून मी काही सांगू शकणार नाही, पण हाताला बसलेल्या सवयीवरून सांगायचे तर समोरासमोर दोघांचा मारा मला फारसा वेगळा वाटला नाही. वेगळे आहे ते मार खाणे. रणगाड्यात असताना पहिला फटका बसला की मी विचार करतो, आणि डिस्ट्रॉयरमध्ये पहिला फटका बसला की पळतो. वाहनाची ताकद ठरावीक मर्यादेखाली गेली की ते निकामी होते, रखडत चालते, पेट घेते आणि कोणी उतरून रिपेअर टूल लावले नाही तर जळत जळत संपते, हे वाचकाला माहीत आहेच. डिस्ट्रॉयर त्या मर्यादेजवळ फार लवकर पोचतो. पण हा दोष मी त्याच्या विरोधात धरत नाही, कारण पातळ चिलखत ही त्या गाडीची उघड बोललेली अट आहे आणि ती मान्य करूनच माणूस आत बसतो.

आता रणगाडा. मूळ खेळापासून ओळखीचा असल्यामुळे विस्तारात नव्याने आलेल्या माणसाला तो काहीसा शिळा वाटतो, आणि माझ्या मावसभावालाही तसाच वाटला. पण या विस्ताराच्या अंतरांमध्ये त्याचा एक गुण उठून दिसतो : त्यातून एक छोटे कुटुंब चालते. चालक तोफ चालवतो, दुसरा वरची मशीनगन सांभाळतो, आणि चालकाने सीआयटीव्ही स्टेशन लावलेले असेल तर तिसरा फिरत्या दुर्बिणीतून सगळा मुलूख न्याहाळत बसतो. तो ज्या वाहनावर लेझर धरतो त्याच्याकडे चालकाचा गायडेड शेल स्वतःच वळत जातो. बंदर डेझर्टवर जिथे डोळ्यांना केवळ थरथरती हवा दिसते, तिथे मावसभाऊ तिसऱ्या जागेवरून शांतपणे सांगतो, ‘‘दादा, धरलाय, सोड.’’ मी तोफ अंदाजाने वर करून गोळा सोडतो, आणि ज्याला मी पाहिलेही नाही अशा गाडीवर तो जाऊन आदळल्याचे गुण पडद्यावर येतात. दोघे मिळून खेळणाऱ्यांसाठी यापेक्षा सुखाची गोष्ट या विस्तारात नाही असे माझे मत आहे. मोकळ्या मैदानात वेगाने साधते त्यापेक्षा अधिक या दुर्बिणीने साधते. गाडी हलत नाही आणि तरी शत्रूपर्यंत आधी पोचते.

दुरुस्तीचेही असेच आहे. आत इंजिनीअर बसलेला असेल तर थोडे मागे सरकून, आडोसा धरून, तो उतरतो आणि पाठीमागे उभा राहून काम सुरू करतो. हे काम चालू असताना वाहनाने शत्रूकडे तोंड करून उभे राहायचे असते, म्हणजे दुरुस्ती करणारा माणूस वाहनाच्या सावलीत राहतो. रणगाड्याला हे उभे राहणे परवडते. डिस्ट्रॉयरला परवडत नाही, आणि तो उभा राहिला तरी त्याचे तोंड हव्या त्या दिशेला असेलच असे नाही.

इथे मी मूळ मुद्द्यावर आलो. मला डिस्ट्रॉयरपासून ज्याने तोडले ते हेच : आठ चाकांची गाडी जागच्या जागी वळत नाही.

लिहिताना ही बाब क्षुल्लक दिसते. पट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनात डावीकडची कळ दाबून ठेवली की पट्टे फिरतात आणि संपूर्ण धड जिथल्या तिथे डावीकडे वळते. चाकांच्या गाडीत तीच कळ फक्त पुढची चाके वाकडी करते, आणि गाडी वळण्यासाठी ती आधी पुढे किंवा मागे चालावी लागते. उघड्या वाळवंटात हे खटकत नाही, कारण वळायला जागा भरपूर असते. खटकते ते अरुंद जागी, आणि ‘आर्मर्ड किल’मध्ये लढाईचा निकाल लागतो तो नेमका अशा अरुंद जागी : आल्बोर्झच्या घाटात, आर्मर्ड शील्डच्या खेड्यांतील घरांमध्ये, डेथ व्हॅलीच्या कुंपणांआड.

आल्बोर्झचा प्रसंग सांगतो. बर्फाचा रस्ता चढत वर जातो, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खडकाची भिंत. मी अमेरिकन बाजूला एम११२८ चालवत होतो, मावसभाऊ माझ्याबरोबर होता. वरच्या झेंड्यापासून एक वळण खाली असताना पाठीवर आरपीजीचा रॉकेट बसला. कानात मावसभावाचा आवाज आला, ‘‘दादा, मागे आहे, मागे! खडकाच्या वर!’’ मी टरेट फिरवली. शत्रूचा इंजिनीअर खालच्या वळणावरच्या एका सुळक्यावर गुडघे टेकून दुसरा रॉकेट भरत होता, मला तो अगदी नीट दिसत होता. टरेट त्याच्याकडे होती पण धडाची पाठही त्याच्याकडेच होती, आणि दुसरा रॉकेट त्या पाठीवरच येणार हे मला कळत होते. मी पुढे घेऊन वळायला गेलो तर नाक खडकाला टेकले. मागे घेतले तर मागची चाके कड्याच्या काठावर आली. पुन्हा पुढे. एखाद्या गल्लीत अडकलेला टेम्पो जसा चार वेळा पुढे-मागे करत वळतो तसे माझे चालले होते, आणि त्या चार हेलकाव्यांत गाडी रस्त्याला पूर्ण आडवी झाली, म्हणजे तिची लांबलचक कूसही त्याच्यापुढे उघडी पडली. दुसऱ्या रॉकेटने गाडी निकामी केली. मावसभाऊ दुरुस्तीसाठी उतरला तो थेट गोळीच्या रेषेत, कारण आडवी गाडी कोणाला आडोसा देत नाही. तिसऱ्या रॉकेटची गरजही पडली नाही, गाडी जळून गेली.

काही दिवसांनी जवळजवळ त्याच वळणावर मी एब्रॅम्स घेऊन गेलो होतो आणि जवळजवळ त्याच सुळक्यावरून पाठीवर तसाच रॉकेट बसला. या वेळी मी टरेटला हात लावला नाही. कळ दाबून धरली, रणगाड्याने बर्फ उकरत जागच्या जागी तोंड फिरवले, आणि दुसरा रॉकेट येईपर्यंत त्याच्यापुढे रणगाड्याचा सर्वांत जाड भाग होता. तो रॉकेट सोसून मी उलटा मागे सरकत वळणाच्या आड गेलो. तोंड अजूनही शत्रूकडेच होते, मावसभाऊ पाठीमागे उतरला, दुरुस्ती झाली, आणि आम्ही परत खाली येऊन तो सुळका मोकळा केला. शत्रू तोच, जागा तीच, आम्हीही तेच. दोन फेऱ्यांवरून नियम काढू नये हे मला मान्य आहे, पण त्यानंतर मी या गोष्टीकडे लक्ष ठेवू लागलो आणि तोच अनुभव इतक्या वेगवेगळ्या रूपांत आला की तिला योगायोग म्हणवेना.

मी उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. अरुंद रस्त्यावर शिरण्यापूर्वी गाडी उलटी करून पाठीने वर चढणे, म्हणजे पळायची वेळ आली तर तोंड उताराकडे राहते, हा एक उपाय. प्रत्येक ठाण्यावर थांबताना नाक बाहेर काढून उभे करणे हा दुसरा. कॅमेरा गाडीबाहेर ठेवून सतत मागे पाहत राहणे हा तिसरा. तिन्ही उपयोगी आहेत, पण तिन्हींमध्ये माणसाचे लक्ष शत्रूवरून उडून स्वतःच्या चाकांवर जाते. मी रणगाड्यांशी लढायला बसलो होतो आणि वेळ जात होता गाडी पार्क करण्यात. ही माझी खरी तक्रार आहे. पातळ चिलखताशी तडजोड करता येते, कारण त्यावर उपाय म्हणून डावपेच बदलता येतात. पण धोका कोणत्या दिशेने आहे हे कळूनही त्या दिशेला तोंड करता येत नाही, या असहायतेची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

यावर कोणी म्हणेल की मग स्प्रुट घ्या, ती पट्ट्यांवर आहे आणि जागच्या जागी वळते. बरोबर आहे, आणि डेथ व्हॅलीची जी फेरी मी वर सांगितली ती स्प्रुटमधलीच होती, हेही मी लपवत नाही. अडचण अशी की बाजू निवडणे नेहमी आपल्या हातात नसते, फेऱ्यांमागून फेऱ्यांत बाजू बदलतात, आणि ज्याने डिस्ट्रॉयरवर हात बसवला त्याला निम्मा वेळ चाकांच्या गाडीत काढावा लागतो. एका गाडीत अंगवळणी पडलेली हालचाल दुसरीत अंगलट येते. रणगाड्याच्या बाबतीत हा त्रास नाही. एब्रॅम्समधून टी-९० मध्ये बसलो तर नेम थोडा वेगळा लागेल, पण पाठीवर फटका बसल्यावर बोट कोणत्या कळेवर जाते ते बदलत नाही.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ पासून ते लोकांना पाहता येते. मी तिथे दोनदा गेलो आहे, एकदा शाळेच्या सहलीबरोबर आणि एकदा हा खेळ लागल्यावर. दुसऱ्या भेटीत मी ज्या गाडीपुढे सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो ती ब्रिटिशांची आर्चर, दुसऱ्या महायुद्धातील टँक डिस्ट्रॉयर. व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या धडावर सतरा पौंडी तोफ बसवताना ती इतकी लांब झाली की तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावे लागले. सहलीत मुलांना ही गाडी चुकून उलटी बांधल्यासारखी वाटली होती. पण ती ज्या रीतीने वापरली गेली ते ध्यानात घेतले की तिचे शहाणपण कळते : पाठीने आडोशात शिरायचे, गोळा मारायचा, आणि गाडी न वळवता सरळ पुढे चालवत निघून जायचे. हलक्या गाडीला मारून पळायचे असेल तर वळण्यात घालवायला वेळ नसतो, ही गोष्ट त्या गाडीच्या बांधणीतच उतरली होती. एम११२८ घेऊन आल्बोर्झ पाठीने चढण्याचा माझा उपाय मी त्या दुपारी आर्चरपुढे उभे राहूनच शोधला होता. तो चालतो. पण आर्चरला फिरणारी टरेटच नव्हती म्हणून तिच्या माणसांना दुसरा पर्याय नव्हता, मला मात्र शेजारीच रणगाडा उभा दिसत असतो.

वेगालाच चिलखत मानण्याची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात या कल्पनेवर टँक डिस्ट्रॉयरचे स्वतंत्र दलच उभारले, एम१८ हेलकॅटसारखी अतिवेगवान गाडी बनवली, आणि युद्ध संपताच ते दल मोडून टाकले, कारण रणगाड्याला उत्तर म्हणून चांगला रणगाडाच हवा असा निष्कर्ष निघाला होता. हेलकॅटने लढाया गाजवल्या नाहीत असे मुळीच नाही. पण ती गाजली ती बहुतांशी दबा धरून, ठरलेल्या जागेवरून, आणि ऑनलाइन फेरीत ठरलेली जागा फार वेळ आपली राहत नाही.

एक बाब विशेषतः आपल्याकडून खेळणाऱ्यांसाठी. माझ्या घरून मी बहुधा युरोपातील किंवा आग्नेय आशियातील सर्व्हरवर खेळतो आणि पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. डिस्ट्रॉयरचे सगळे तंत्र डोकावून मारा, लगेच आड व्हा, या लयीवर उभे आहे. पिंग जास्त असली की माझ्या पडद्यावर मी आड झालेला असतो आणि शत्रूच्या पडद्यावर अजून उघडा असतो, त्यामुळे टेकाडामागे पोचल्यानंतरही गोळा लागल्याचे कळते. अशा वेळी एक जादा फटका सोसण्याची ऐपत असलेले वाहनच उपयोगी पडते. ज्याची जोडणी जलद आहे आणि ज्याला जवळचा सर्व्हर मिळतो त्याने हा परिच्छेद सोडून द्यावा, त्याला कदाचित डिस्ट्रॉयर माझ्यापेक्षा दुप्पट आवडेल.

रणगाड्याचेही उणे सांगायला हवे. एकट्याने खेळणाऱ्याला तो बरेचदा ओझे होतो. सोबती नसेल तर वरची मशीनगन मुकी राहते, दुर्बीण रिकामी राहते, आणि दुरुस्तीसाठी स्वतःच उतरावे लागते. अनोळखी सोबती मिळालाच तर तो निम्म्या वाटेत उतरून झेंड्याकडे धावतो. विस्तारातील मोठे गनशिप विमान डोक्यावर घिरट्या घालू लागले की रणगाडा ठळक आणि संथ लक्ष्य ठरतो, आणि अशा वेळी आडोशाखाली पळण्यासाठी मला डिस्ट्रॉयरच्या वेगाची मनापासून आठवण येते. शिवाय ज्याने मूळ खेळात रणगाड्याची सगळी साधने आधीच मिळवली आहेत त्याला रणगाडा इथे काहीच नवे देत नाही. डिस्ट्रॉयरची साधने नव्याने कमवावी लागतात आणि त्या कमाईत एक गंमत आहे, तशी पहिल्या फेऱ्यांत धूर सोडण्याचे साधनही हाताशी नसल्याची पंचाईतही आहे.

म्हणून कोणी मला विचारले तर मी सरसकट सांगत नाही. बंदर डेझर्टवर, रशियन बाजूला, एकट्याने खेळताना मी आजही स्प्रुट घेतो आणि तिच्यात सुखाने असतो. आर्मर्ड शील्डवर शेतांच्या बाजूने फिरायचे असेल तर चाकांची गाडीही वाईट नाही, खेड्यात मात्र शिरू नये. टँक सुपिरिऑरिटीमध्ये, जिथे शेवटी मधल्या ठाण्यावर उभे राहून मार सोसावाच लागतो, तिथे डिस्ट्रॉयर घेऊन जाणाऱ्याला मी आग्रह करून रणगाड्यात बसवीन. आल्बोर्झवर तर मी तळावर रणगाडा शिल्लक नसेल तरी दुसरा येईपर्यंत तिथेच थांबतो, शेजारी एम११२८ रिकामी उभी असली तरी. सोबतीला ओळखीचा माणूस असेल तर माझा हात न विचारता रणगाड्याकडे जातो.

मावसभावाला मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा एवढेच सुचवले की पाच-सहा फेऱ्या त्याने कोणत्याही चांगल्या रणगाडा-चालकाबरोबर वरच्या मशीनगनच्या जागेवर बसून काढाव्यात, आणि फटका बसल्यावर तो चालक टरेट आधी फिरवतो की धड, हे प्रत्येक वेळी पाहावे. मग एम११२८ घेऊन आल्बोर्झच्या त्या वळणावर जावे आणि तेच करून पाहावे.